पोकळ लादी

आनंदवाडीच्या धक्क्यावर आमचा बर्फाचा कारखाना.
अमोनियाचा वास, पायाखाली भाताचं तूस,
पत्र्याच्या डब्यांतून उपसलेल्या लाद्या
आकड्याला लागून घसरत जातात क्रशरकडे.
इथे बर्फाकडे कोणी बघत बसत नाही.
बांगड्यावर टाकला, की झालं.

फोल्कमार बघत बसला.
एप्रिलच्या उकाड्यानं लाल झालेला जर्मन,
डावा गुडघा चामड्याच्या पट्ट्यात,
जामसंड्याच्या वैद्याकडे तेल लावून घ्यायला आलेला.
दुभाषी म्हणून सोबत आमची शाल्मली.
"मामा, हे त्यांच्या देशाच्या संघाचे कोच."
कसल्या संघाचे?
तिनं मराठी शब्द शोधला, सापडला नाही.
"बर्फावरून एक जण दगड सोडतो,
आणि पुढे दोघं झाडत धावतात."

गुणाजीनं आकडा खाली ठेवला.
"म्हंजे दगड तो सोडतलो, आणि वाट आमी झाडूची?"
फोल्कमारनं भाषांतराआधीच मान हलवली.
एकोणीस वर्षं त्यानं तेच केलेलं.

बाप पाववाला. गावचं तळं गोठलं
की जॅमच्या डब्यात पाणी गोठवायचं,
तोच दगड.
एकविसाव्या वर्षी छातीवर देशाचा बिल्ला.
कर्णधार कधीच नाही. शेवटचा दगड कधीच नाही.
बर्फ सपाट नसतो, म्हणाला,
आधी थेंब शिंपडून त्याला काटा आणतात.
संक्रांतीच्या हलव्याला येतो तसा, मी म्हटलं.
शाल्मलीला ते जर्मनमध्ये सांगता येईना.

मग तो उपांत्य सामना. शहराचं नाव त्यानं घेतलं नाही.
शेवटून दुसरा दगड घराकडे निघालेला
(त्या वर्तुळांना ते घरच म्हणतात)
आणि याच्या झाडूचं टोक दगडाला लागलं.
लागलं म्हणजे काय,
माशीचा पाय लागावा तेवढं.
पंचांनी पाहिलं नाही. समोरच्यांनी नाही.
यानं हात वर केला.
दगड बाद.
सामना गेला, कर्णधाराची मैत्री गेली,
पुढच्या हंगामात संघातली जागा.
सहा वर्षं गुडघा धरून पावाच्या दुकानात उभा,
मग त्याच महासंघाचं पत्र : पोरांना शिकवशील?

शिकवतोस काय, मी विचारलं.
झाडायला.
आणि स्वतः काय शिकलास?
काचेमागे गप्प बसायला.
एक मिनिट मिळतं मला बोलायला अख्ख्या सामन्यात,
बाकी वेळ निघालेला दगड बघायचा.

गुणाजीनं वाढवण आणली, माडाच्या हिरांची.
फोल्कमारनं लादीचा तुकडा सोडला ओल्या कोब्यावरून,
गुणाजी वाकून पुढे धावला, तूस उडालं,
टोपल्या घेऊन आलेल्या बाया हसून लोळल्या.
तुकडा मिठाच्या गोणीवर आपटून फुटला.
फोल्कमार एकटाच हसला नाही.
मनगट चांगलं आहे, म्हणाला. वीस वर्षं उशीर.

निघताना त्यानं एका लादीवर बोटाचं पेर वाजवलं,
काहीतरी पुटपुटला.
शाल्मलीनं ते मराठीत केलं नाही.
पण टकटक मला कळते.
वीज गेली की टाकीतून लाद्या लवकर काढाव्या लागतात,
पोटात पाणी राहतं.
आम्ही त्या पुऱ्या भावानं मोजतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जुवाटकरचा ट्रॉलर लागला.
चाळीस लाद्या. सहा पोकळ.
"बरोबर ना रे?" नोटा मोजत त्यानं विचारलं.
माझा हात वर गेला.
खांद्यापर्यंत गेला.
मग मी टोपी सारखी केली.

गुणाजीनं पाहिलं.
आणि वाढवण घेऊन
झाडलेलाच कोबा
पुन्हा झाडत राहिला.