नंबर तोच

ठाकुरद्वारच्या नाक्यावर चष्म्याचं दुकान.
मी तिथं पगारावर, वर फ्रेममागे चाळीस रुपये.

धैर्यवानबाई आल्या, दुकान नुकतं उघडलेलं.
"धूसर दिसतंय रे. नवाच करून टाक."
तपासलं. डावा तोच, उजवा तोच.
काचेवर फक्त फोडणीचा तवंग, कित्येक वर्षांचा.
कोमट पाण्यात साबण घालून धुतला,
पुसून त्यांच्या नाकावर ठेवला, म्हटलं,
"नवा नको. हा अजून दोन वर्षं चालेल."

वाटलं होतं, खूश होतील.
त्यांनी पर्स फटकन मिटली.
"नातवाचं लग्न आहे. मला सोनेरी काडीचा हवा होता."
आणि समोरच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या,
माझ्या डोळ्यांदेखत.
शेठ दिवसभर बोलले नाहीत.
संध्याकाळी विक्रीची वही माझ्याकडे सरकवली,
कोरं पान उघडून.

महिन्याभरानं पुन्हा त्याच. नाकावर सोनेरी.
"स्क्रू ढिला झालाय. त्यांच्याकडे नाही जात, तू बघ.
आणि खरं सांग, फसवलं का रे मला?"

नंबर तोच. काच साधी. किंमत दुप्पट.
छोटा स्क्रूड्रायव्हर बोटांत नुसताच फिरत राहिला.
मग सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं,
"पण शोभतो तुम्हाला."

तेही खरंच होतं,
मागच्या वेळी बघायचं राहिलेलं.

बाई बराच वेळ आरशात.
स्क्रूचे किती, विचारलं.
पाच रुपये. घेतले,
आणि वहीत लिहिले.