पन्नास आणि साठ

पट्ट्यांवर माझं पोट चालतं.
आमागासाकीत, रेल्वेपुलाखालच्या या दुकानात
खिळ्यांना टांगलेत बघा: बारीक, जाड, सैल पडलेले,
उन्हाळ्यात वितळून चाकाला काळं फासून गेलेले.
तरी कोणी विचारलंच तर सांगतो,
तबकडीखाली थेट मोटर असू द्या. मध्ये कुणी नको.

रविवारी जाणकार येतात.
म्हणतात, कुराहाशी, मोटरची थरथर सुईला कळते.
कळत असेल.
तोमोए ओइकावाची गोष्ट मी त्यांना सांगत नाही.

ती सेंदाईची. लग्न होऊन इकडे आली
बापाने दिलेला प्लेअर मांडीवर घेऊन, रात्रभर गाडीत.
पहिल्याच संध्याकाळी रेकॉर्ड लावली
आणि तिच्या गावची ती जाड्या आवाजाची बाई
पोरीसारखी किरकिरली, घाईघाईने.
पट्टा तोच होता. पट्टी मात्र चढली.

फुजी नदीच्या पलीकडे वीज सेकंदाला
पन्नासदा धडधडते, अलीकडे साठदा.
ती मोटर विजेच्या तालावर नाचणारी,
जिकडे जाईल तिकडची होणारी.
तोमोएला वाटलं, आपलंच काही बिघडलं.
तीन महिने कुणाला बोलली नाही.

मी तेव्हा इथे चहा आणणारा पोऱ्या.
मालकाने तिच्यापुढे ठेवला नवा, वजनदार, बिनपट्ट्याचा:
बटण दाबलं की अर्ध्या फेरीत वेग धरणारा,
आपला वेग आपणच तपासणारा.
काठावर ठिपक्यांच्या रांगा, शेजारी नारिंगी दिवा.
इथे एक रांग स्तब्ध दिसते, सेंदाईत दुसरी,
तबकडी दोन्हीकडे तेवढीच, तेहेतीस आणि एक तृतीयांश.
नदीबिदी तिच्या गावीही नाही.

बाई पुन्हा जाड्या आवाजात गायली.
तोमोएने दोन्ही बाजू ऐकल्या,
अंगातला कोट न काढता,
आणि मग हप्त्यांचं विचारलं.

परवा आली, काठी टेकत.
तो प्लेअर अजून ठणठणीत, फक्त दिवा गेलाय.
पिशवीत बापाचा जुनाही होता.
याला पट्टा घाल, म्हणाली.
म्हटलं, पुलीही बदलतो, साठची आहे माझ्याकडे,
म्हणजे नीट गाईल.

नको, म्हणाली.
नीट गाणारा आहे घरी.
मला ती पोर ऐकायचीय.