उपाशीपोटी

साडेपाचची मुखेड-नांदेड गाडी.
कंडक्टरनं पैशाआधी फाईल बघितली,
"रगात तपासायला का, मामा?"
आणि खिडकीची जागा दिली.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाकडी भरलेली.
बसणं तेच, पाठ ताठ, टोपी गुडघ्यावर.
फक्त पोटं पुढं आलेली,
आणि प्रत्येकाच्या मांडीवर, कॅरीबॅगेत,
ज्याची त्याची साखर लिहिलेली.

"आला रे, लांगरी आला!"
सुभेदार केंद्रे ओरडले. उजव्या पायाचा अंगठा
गेल्या पोळ्याला काढला त्यांचा.
"काय केलंस आज खायला?"
सगळे हसले.
मग गप्प झाले,
कारण रात्री आठपासून पाण्याशिवाय काही नाही, असा हुकूम होता.

बावीस वर्षं मी एकशे वीस माणसं जेवू घातली.
राजस्थानात तव्यावर रेती उडायची,
पोरं म्हणायची, मीठ जास्त झालं.
पण एवढी माणसं एका रांगेत उपाशी
आणि माझ्या हातात पळी नाही,
हे आज पहिल्यांदा.
हात कुठं ठेवावेत कळेना.
खिशात घातले.

वरच्या ठाण्यावर भूक मरते.
भात शिजता शिजत नाही,
अंडी गोठून गोट्यासारखी, हातोडीनं फोडायची,
बर्फ वितळवून केलेल्या चहालाही रॉकेलचा वास.
पोरं ताटाकडं बघून तोंड फिरवायची.
शेख मौलाचं वजन अकरा किलो उतरलं
तेव्हा डॉक्टरसाहेब स्वतः चुलीपाशी आले.
म्हणाले, काहीही कर, याच्या पोटात जाऊ दे.
मी शिरा केला.
डब्यातलं गोड दूध, वर तूप, वर बेदाणे.
मौलानं एक घास घेतला. बराच वेळ तोंडात धरला.
मग वाटी पुढं केली.

त्या दिवशी साखरेच्या बाबतीत माझा हात सैल झाला
तो खाली उतरल्यावरही आवळला नाही.
कुणाला पोरगा झाला, शिरा.
कुणाची बदली, शिरा.
कुणाच्या घरून वाईट तार आली
तर काही न बोलता, ताटात थोडा जास्त.

मौला दुसऱ्या बाकावर आहे.
डोळ्यांत औषध घालून तोंड छताकडं.
"तीनशे दहा," म्हणाला, मी न विचारता,
जसा रायफलचा नंबर सांगायचा.
मी माफी मागायला म्हणून जवळ गेलो,
तर म्हणतो, "काय शिरा असायचा रे तो, लांगरी."
आता यावर माणसानं काय बोलावं.

सुया टोचून झाल्या.
"जेवून घ्या, बरोबर दोन तासांनी परत या."
चिंचेखाली डबे उघडले.
ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी,
करडीच्या तेलातला ठेचा,
केंद्र्यांच्या सुनेनं दिलेले धपाटे,
एकाकडं नुसत्या काकड्या, तो कुणाकडं बघत नव्हता.
भिंतीवर लिहिलंय, एक घास बत्तीस वेळा चावा.
सात मिनिटांत सगळे उठले.
शिट्टी कुणीच वाजवली नव्हती.

मी उभा राहून डबे मोजले,
सवय.
अकरा.
तिडकेचा नव्हता.
"मार्चमध्ये गेला," केंद्रे म्हणाले,
"दहा किलोमीटर पळायचा गडी,
टीव्हीसमोर बसल्या बसल्या."
मी उगाच थोडा वेळ फाटकाकडं बघत थांबलो.

"लांगरी, बस की आता,"
कुणीतरी सतरंजीवर जागा केली.
बसलो नाही.
चुलीमागं उभ्यानं, तळाची खरपूड खाल्लेलं शरीर आहे,
बसलं की त्याला घास उतरत नाही.

दोन तासांनी सिस्टरनं रजिस्टर उघडलं.
"किती वाजता जेवलात, मामा?"
"सगळ्यांचं झाल्यावर."
तिनं पेन वर केला.
माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं.
फडक्याची गाठ तशीच होती.
"वेळ सांगा, मामा. वेळ."