डावा कान

तीन आठवडे, डॉक्टर म्हणाल्या. किंवा चार.
पुढचं वाक्य त्या कागदाकडे बघून बोलल्या,
म्हणजे ओठ दिसले नाहीत,
म्हणजे ते मला मिळालं नाही.

त्याआधी घाटकोपरला, काचेच्या खोलीत
हेडफोन लावून बसवलं होतं.
आवाज आला की बटण दाबा.
मी दाबत गेले.
एकदा आला म्हणून,
चारदा यायला हवा होता म्हणून,
काचेपलीकडच्या मुलीचा चेहरा वाचत,
शाळेत शेजारणीच्या पाटीवरून गणित उतरवायचे तशी.

उजवा लहानपणापासून अर्धाच. डाव्यावर संसार चालला होता.
सोमवारी उठले तर तोही बंद,
रात्रीतून कुणी शटर ओढून गेल्यासारखा.
आत एक बारीक शिट्टी तेवढी चालू,
कुलूप लावून गावी गेलेल्यांच्या घरातला फ्रिज.

लॅबमध्ये नावं आता शमीम पुकारते.
मी मागे बसून नळ्यांना चिठ्ठ्या लावते.
मास्कमागून माणसं काय सांगतात कोण जाणे,
गावडे की गावंडे?
रक्त दोघांचंही लाल.

विक्रोळीच्या सिग्नलला रिक्षा येते ती एकदम,
न येता आलेली असते.
कुकरची शिट्टी मी डोळ्यांनी मोजते.
डाळ तरीही लागते.
या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची
चांगली बावीस वर्षांची सवय,
आता थोडंफार आत येतं, त्याला बाहेर जायला वाट नाही.
जयवंत परवा एवढंच म्हणाला, "राहू दे, काही नाही."
ते अजून आतच आहे.

अप्पांना अकरा वर्षं कमी ऐकू येतं.
मशीन कपाटात, पेढ्यांच्या डब्यात.
मी हाका मारायचे, अप्पा, जेवायला.
अप्पा, जेवायला!
तिसऱ्या हाकेत खडा असायचा, मला माहीत होतं.
"ओरडतेस कशाला," ते म्हणायचे.

आता बोलायच्या आधी ते टेबलावर दोनदा बोट वाजवतात.
लाकडातून मला कळतं.
त्यांनीच शिकवलं:
भिंतीला पाठ लावून बसावं, मागून कुणी येत नाही.
बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडू द्यावा.
लग्नात दोनदा "हो हो" म्हणावं,
तिसऱ्यांदा पाणी मागावं.
लोक हसले की अर्धा क्षण थांबून हसावं,
लवकर हसलं की पकडले जातो.
अकरा वर्षं हे सगळं जवळ होतं त्यांच्या
आणि घरात कुणी विचारलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी, कपडे वाळत घालताना,
चिमटा वाजला.
एवढासा. टक.
मी दुसरा लावला. मग सगळे काढून परत लावले.
पंखा किरकिरतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.
लिफ्टमधली बाई म्हणत होती, कृपया दरवाजा बंद करा,
मी उघडाच धरून ठेवला, ती सांगतेय तोवर.
दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणाले
आणि दचकले.
एवढ्या मोठ्यानं?
हा माझा आवाज?

संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नाही.
अप्पांसमोर भाजलेल्या शेंगा घेऊन बसले,
टेबलावर दोनदा बोट वाजवलं.
"आला कान," म्हटलं, तोंडावर उजेड घेऊन.
त्यांनी ओठ वाचले. मान डोलावली.
मग काय सुचलं कुणास ठाऊक,
एक शेंग त्यांच्या कानापाशी नेली आणि फोडली.

अप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.
अर्धा क्षण थांबले.
मग हसून म्हणाले, हो, हो.

मी त्यांना पाणी आणून दिलं.