आतून न उघडणारं दार

शाळेचं बँडपथक मोडलं त्या वर्षी
लिलावात हा ट्रेलर आला.
बारा फूट लांब, सहा रुंद, खिडकी एकही नाही.
बाजूला ‘हेलेस्टाड हायस्कूल’ची अर्धी अक्षरं,
आणि एक ट्रम्पेट, ज्याचं तोंड कुणीतरी खरवडलेलं.

सोळाशे डॉलर.
आठशे माझे, आठशे ऑर्डीनचे.
आईचं घर विकलं तेव्हापासून
आम्ही बहीणभाऊ फक्त हवामानाविषयी बोलायचो,
आणि नॉर्थ डाकोटात हवामान पुष्कळ असतं.

तळाच्या प्लायवूडवर ड्रमची वर्तुळं उमटलेली,
एकात एक घुसलेली, काही पुसट.
तो म्हणाला, रंग मारू.
मी म्हणाले, डबा सत्तावीस डॉलरला आहे.
तेवढ्यावर वर्तुळं वाचली.

हिशेब भिंतीवरच, सुताराच्या पेन्सिलीने:
गुलाबी फोमचे सहा तक्ते.
फळ्या सॉर्लीच्या कोठारातल्या, बदल्यात दोन ॲपल पाय.
गाद्या जुन्या सोफ्याच्या,
टर्की कापायच्या विजेच्या सुरीने कापलेल्या.
पाच गॅलनची बादली, झाकणासकट.
ती कशासाठी, ते लिहिलेलं नाही.

मग छत कापायचा दिवस.
झरोका चौदा इंच बाय चौदा,
मापं तीनदा घेतली, तरी करवत हातात धरून
तो शिडीवर कितीतरी वेळ उभा.
‘चांगल्या पत्र्याला भोक पाडायचं म्हणजे...’
वाक्य पुरं केलं नाही.
करवत किंचाळली,
आणि जिथे फक्त ड्रम अंधारात बसून असायचे
तिथे उन्हाचा एक चौकोन पडला,
मोठ्या वर्तुळात अर्धा, अर्धा बाहेर.

पहिली रात्र ऑक्टोबरात, सकाकाविया तलावाकाठी.
दोन फळकुटांच्या खाटा,
मधे चार गुडघे मावतील एवढी जागा.
मध्यरात्री वारा सुटला.
मी बाहेर जायला उठले
(बादलीवर माझा अजून विश्वास बसला नव्हता),
दार ढकललं.
हललं नाही.
बाहेरचा आडणा घसरून खोबणीत बसला होता.

मालाला कधी आतून बाहेर यायचं नसतं,
म्हणून आतून कडी नसते.
हे आम्हाला सुचलं नव्हतं,
दोघांचं वय मिळून एकशे एकतीस.

ऑर्डीन उठला, डोकं छतावर आपटलं,
आणि असा एक शब्द बोलला
की आईने साबणाने तोंड धुवायला लावलं असतं.
फोनला रेंज नाही.
झरोक्यातून हात जातो, पण हाताला काही लागत नाही.
हातोडी होती. ट्रकमध्ये.

बसून राहिलो.
पत्र्यावरून मानेवर थेंब पडत होते,
आमचेच श्वास, गार होऊन परत आलेले.

तो म्हणाला, तुझा वाटा मी कमी दिला. घराचा.
माहीत आहे, मी म्हणाले.
किती कमी, ते...
तेही माहीत आहे.

नंतर पुष्कळ वेळ काहीच नाही.
मग त्याने पायाने बादली माझ्याकडे सरकवली,
भिंतीकडे तोंड केलं
आणि जोरजोरात शिट्टी वाजवू लागला,
शाळेच्या बँडची जुनी चाल,
सूर सगळे चुकलेले,
माझं आटपेपर्यंत न थांबता.

सकाळी मासे धरायला आलेल्या एका पोराने आडणा काढला.
आत वाकून विचारलं, काय नेताय यातून?
ऑर्डीन म्हणाला, जुनं सामान.

भिंतीवरच्या हिशेबात आता
आतून उघडणारी कडी, साडेचौदा डॉलर.
तिच्याखाली, त्याच्या अक्षरात,
एक मोठी रक्कम, कशाची ते न लिहिता,
आणि पुढे एकच शब्द: हप्त्याने.

झरोका गळतोय अजून.
त्याचं बर्फ वितळल्यावर बघू.