तीन मिनिटं दहा सेकंद

अंबडच्या शेडमध्ये, लेथ थांबल्यावर,
सात वर्षं आम्ही दोघांनी गाणी केली
कुणी चुकूनही नाचू नये अशी.
एक तर अकरा मिनिटांचं,
धरणात बुडालेल्या घंटेवर.
ऐकायला सतरा जण,
त्यात चार जुनैदचे मावसभाऊ.

परवा तो म्हणाला,
चार ठोके लाव. साधे.
आणि ते लिही, जे तू सांगत नाहीस.

मी लिहिलं:
कॉलेज रोड, एकोणिसावं सरत आलेलं,
तुझ्यामाझ्यात तुझी सॅक,
आणि मनातल्या मनात मागितलेला
एक स्पीडब्रेकर.

एवढंच. ध्रुवपद तेच, चारदा.
जुनैदनं सिंथवर तीन बोटं ठेवली,
लाजला,
म्हणाला, हे तर अम्मीपण गुणगुणेल.

जुने ऐकणारे म्हणतात, विकले गेले.
असेल.
शेडचं भाडं तीन महिने थकलंय, हेही खरंच.

पण काल सातपूरच्या सिग्नलला
स्कूटरवर मागे बसलेली एक मुलगी
पुढच्याच्या पाठीशी ते म्हणत होती,
शब्द सगळे चुकीचे.
सॅक तिनं
स्वतःच्या पाठीवर घेतली होती.