प्लग

घराला तीन पायऱ्या, आणि नखाते काका
उतार करू देत नाहीत.
"उद्या तुम्ही खोली सोडून जाल,
सिमेंट माझ्या गळ्यात."
म्हणून स्कूटी बाहेर,
नालीच्या ढाप्यावर, विजेच्या खांबाशी,
आणि मी आत,
एक कान बाहेर ठेवून.

हँडल लॉक तर असतंच.
वरून साखळी, आखाड्यावरून आणलेली, म्हशीची,
दमट दिवसांत अजून शेणाचा वास येतो तिला.
साखळीला कुलूप. कुलपाला दुधाची पिशवी,
परभणीची धूळ आत जाऊ नये म्हणून.

मुजीब मिस्तरी हसले.
"साखळी इमानदार मानसासाठी रायती, बाई.
चोराला काय, कटर लागतो फकत.
हे बघा."
बाजूचं झाकण उघडून त्यांनी
प्लग माझ्या तळहातावर ठेवला.
करंगळीएवढा, काळपट, कोमट,
नुकत्याच काढलेल्या दाढेसारखा.
"आता नेऊ द्या कुनाला न्यायची ती."

तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला
मी गल्लीत उकिडवी बसते, पाना घेऊन.
गोदूबाई ओट्यावरून विचारतात,
"झाली का बाई पूजा?"
झाली.
प्लग रुमालात, रुमाल डब्यात,
डबा हरभऱ्याच्या डाळीत खोल.
दिवसभर दवाखान्यात मी
लोकांच्या थुंकीच्या डब्यांवर नंबर टाकते,
झाकणं आवळते,
कुणाचं काही सांडू नये,
कुणाचं काही कुणाला जाऊ नये.
रात्रीही तेच हात, तेच आवळणं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे
खांबाला नुसती साखळी लोंबत होती.
कापलेली.
कुलूप तसंच बंद, पिशवीसकट.

मी ओरडले नाही.
आधी आत जाऊन डाळीत हात घातला.
प्लग होता.
क्षणभर बरं वाटलं,
आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज.

सापडली तिसऱ्या दिवशी. गंगाखेड रोडला,
बंद जिनिंगच्या भिंतीशी.
दोन किलोमीटर ढकलत नेली होती त्यानं,
मधला फाटकाचा चढ धरून.
किक मारून मारून किकचं रबर गळून पडलेलं,
डिकीत माझा रेनकोट तसाच,
आरशावर चार बोटं उमटलेली.

पण उभी होती.
नीट, मधल्या स्टँडवर, पुढचं चाक भिंतीकडं वळवून,
जशी मी लावते तशी.
टाकून जाणारा माणूस
आडवी टाकून जातो ना?

मुजीब मिस्तरी म्हणाले, "म्हनलं नव्हतं?"
जमादार म्हणाले, "नशीबवान आहात. इथं सही करा."
गोदूबाई तेवढ्या म्हणाल्या,
"लई जड असती का ओ बाई ती, ढकलायला?"

रविवारी मी ढकलून बघितली.
पिठाच्या गिरणीपर्यंतच,
तिथंच दम लागला, मनगटं थरथरायला लागली.
मागून एक मोटारसायकल आली,
पोरगा म्हणाला, "पेट्रोल संपलं का, मावशी?"
आणि उत्तराची वाट न बघता
त्यानं मागच्या पायदानाला पाय लावला,
मला म्हणाला, "बसा, फकत हँडल धरा."
मी बसले. पंपापर्यंत
वाऱ्यावर गेल्यासारखी गेले, इंजिन मुकं,
आणि सांगताच येईना त्याला
की पेट्रोल आहे, काढून ठेवलाय तो प्लग.

त्या रात्री त्यालाही कुणी विचारलं असेल.
फाटकाच्या चढावर कुणीतरी भला माणूस
पाय लावून गेला असेल,
"कुठवर जायचंय, दादा?"
काय सांगितलं असेल त्यानं?

नवी साखळी आणली, सातशे वीसची.
तिला कसलाच वास नाही.
प्लग अजून काढते, साडेनऊला,
उशीर झाला तर गरम असतो, रुमालातून चटका बसतो.
किकला रबर मात्र बसवलेलं नाही.
मुजीब मिस्तरी दोनदा म्हणाले, दहा रुपयाचं काम आहे.
सकाळी किक मारताना
चपलेतून लोखंड लागतं तळपायाला.
लागू दे.